श्रीनिवृत्तिनाथ : चौघांतले थोरले

श्रीज्ञानोबारायांचे नाव घेतल्याशिवाय वारकऱ्याचा दिवस उजाडत नाही आणि मावळतही नाही. गावोगावच्या सप्ताहांत माउलींचे चरित्र होते. रेड्याची कथा होते, भिंतीची होते, आणि समाधीचा प्रसंग निघाला की मंडपात कोरडा डोळा सापडत नाही. या सर्व कथांत एक पुरुष आरंभापासून अखेरपर्यंत उभा आहे. पण श्रोत्यांची दृष्टी त्यांच्यावर फारशी ठरत नाही. ते म्हणजे श्रीगुरु निवृत्तिनाथ महाराज. माउलींचे ते गुरु, हे सर्वांना पाठ आहे. परंतु ते अगोदर एका पोरक्या घरातले थोरले भाऊ होते, हे आपण विसरतो. अवघे जग ज्यांना माउली म्हणते, त्या माउलींची माउली कोण झाली, याचा विचार आम्ही कीर्तनकार मंडळीही क्वचितच करतो.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी नाथांची यात्रा भरते. त्या निमित्ताने त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असा आमचा हेतू आहे. चमत्कार आपण नेहमी ऐकतोच. आज आपण एवढेच पाहू की आईबाप गेल्यावर चार लेकरांनी एकमेकांना कसे धरले, ती कितीदा दुरावली, कितीदा पुन्हा भेटली, आणि थोरल्याने धाकट्यांचे रक्षण केले म्हणजे नेमके काय केले.

नाथांचे मूळ घराणे गोदातीरी पैठणजवळच्या आपेगावचे. आजोबा गोविंदपंत, आजी निराबाई. त्यांचे पुत्र विठ्ठलपंत लहानपणापासून विरक्त. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले. तेथील कुलकर्णी सिद्धोपंत यांनी मुलगा पारखला आणि आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. लग्न झाले, पण मन संसारात रमेना. अखेर विठ्ठलपंतांनी काशी गाठली आणि संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाईंनी आळंदीला अश्वत्थाच्या प्रदक्षिणा घालीत दिवस काढले. पुढे विठ्ठलपंतांचे गुरु यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले. ही बाई पाया पडली तेव्हा रीतीप्रमाणे पुत्रवती होण्याचा आशीर्वाद त्यांच्या मुखातून गेला. तो खरा कसा व्हावा, अशी तिला शंका पडली. चौकशी झाली आणि सगळा प्रकार उघडकीस आला. गुरूंनी काशीला परत जाऊन शिष्याला आज्ञा केली की घरी जा आणि गृहस्थाश्रम चालव.

आता येथे धर्मशास्त्राची अडचण लक्षात घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे दुःख कळायचे नाही. संन्यास घेताना मनुष्य शिखासूत्राचा त्याग करतो आणि आपले श्राद्ध आपणच उरकून टाकतो. व्यवहाराला तो मेलेलाच. असा मनुष्य परत संसारात आला तर त्याला शास्त्रकार आरूढपतित म्हणतात, म्हणजे वर चढून खाली पडलेला. इतर पातकांना प्रायश्चित्ते सांगितली आहेत. याला प्रायश्चित्तच नाही असे वचन दाखवले जाई. तेव्हा आळंदीच्या ब्रह्मवृंदाने या कुटुंबाला वाळीत टाकले. इंद्रायणीच्या काठी सिद्धबेटात झोपडी बांधून ते राहू लागले. भिक्षा मिळेल तेवढ्यावर घर चालायचे. न मिळाली तर चालायचे नाही, एवढंच.

अशा घरात चार लेकरे जन्माला आली. प्रचलित गणनेप्रमाणे निवृत्तिनाथ शके 1195 म्हणजे इसवी सन 1273, ज्ञानदेव शके 1197 म्हणजे 1275, सोपानदेव शके 1199 म्हणजे 1277, आणि मुक्ताबाई शके 1201 म्हणजे 1279. दुसऱ्या एका गणनेत ही साले थोडी मागे जातात. साल कोणतेही धरा, क्रम एकच आहे, आणि त्या क्रमातच अर्थ आहे. आधी विषयांपासून निवृत्ती, मग ज्ञान, मग त्या ज्ञानाचे सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती. वेदान्ताची अख्खी वाट एका घराच्या चार नावांत उभी राहिली.

निवृत्तिनाथांच्या मुंजीचे वय झाले. ब्राह्मणाच्या मुलाची मुंज गर्भापासून आठव्या वर्षी व्हावी, असे शास्त्र. पण संन्याशाच्या पोराची मुंज लावणार कोण? विठ्ठलपंतांनी पुष्कळ विनवण्या केल्या. त्या वाया गेल्या. तेव्हा मनाला विसावा आणि अनुष्ठानाला जागा म्हणून हे कुटुंब त्र्यंबकेश्वरी गेले. तेथे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करण्याचा नेम धरला.

त्या वेळचा ब्रह्मगिरी म्हणजे आजच्यासारखी पायवाट नव्हे. दाट रान, खोल दऱ्या, वरून पावसाळी धुके. आईबाप पुढेमागे आणि मध्ये ही चार पोरं. अशा एका प्रदक्षिणेत वाटेवर वाघ आडवा आला. जो तो जीव घेऊन पळाला. विठ्ठलपंतांनी आणि रुक्मिणीबाईंनी लहानांना उचलले, कवटाळले, आणि रानाबाहेर आल्यावर माणसे मोजली. एक कमी होते. निवृत्ति नव्हते.

हाका मारल्या. डोंगराने त्याच हाका परत दिल्या. रात्र झाली, सकाळ झाली, मुलगा आला नाही. वाघाने नेले असेल, कड्यावरून पाय घसरला असेल, असे एकेक विचार येत असतील. त्या मातेने काय सोसले हे लिहून ठेवायला तेथे कोणी बसले नव्हते. पण ज्यांच्या घरचे मूल जत्रेत घटकाभर हरवले असेल, त्यांना ते सांगायला नको. आणि धाकटा ज्ञानदेव? तो तर दादाच्या बोटाला धरून चालणारा. त्याचे बोट सुटले होते.

इकडे निवृत्तिनाथ पळत पळत डोंगरातल्या एका गुहेत शिरले. आत श्रीगहिनीनाथ बसलेले. आदिनाथांपासून मत्स्येंद्रनाथ, त्यांच्यापासून गोरक्षनाथ, त्यांच्यापासून गहिनीनाथ, असा तो नाथपंथाचा ओघ. वाघाच्या भयाने आलेला हा बालक त्यांनी जवळ घेतला आणि त्याच्या मस्तकी हात ठेवला. परंपरा सांगते की सात दिवस निवृत्तिनाथ त्या गुहेत राहिले. नाथपंथाचा योग आणि श्रीकृष्णाची उपासना असे दुहेरी धन गुरूंनी त्यांच्या ओटीत घातले. मग तो मुलगा डोंगर उतरून आईबापांपुढे येऊन उभा राहिला.

या ठिकाणी आम्ही वाचकांना क्षणभर थांबवू इच्छितो. ज्याला सद्गुरु भेटला आणि गुहा मिळाली, त्याला परत येण्याचे कारण काय होते? घरी काय वाढून ठेवले होते? अपमान, उपवास आणि लोकांची तोंडे. साधकाला गुरु भेटला की तो घर विसरतो, अशा कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. स्वतः विठ्ठलपंत तसेच गेले होते. पण बापाला गुरूने घरी पाठवले आणि मुलगा गुरूचा प्रसाद घेऊन घरीच आला. नाव निवृत्ति, पण भावंडांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. इतकेच काय, जे मिळाले ते स्वतःपाशी ठेवलेही नाही. आल्यावर ते त्यांनी ज्ञानदेवांना दिले. थोरला भाऊ बाजारातून खाऊ आणतो आणि आधी धाकट्याच्या हातावर ठेवतो, तसे. गुरुशिष्याचे नाते आणि भावाभावाचे नाते अशी या घरात एकाच दोरीला दोन्ही पदर पिळले गेले.

यापुढचा प्रसंग सांगताना जीभ अडखळते. मुलांच्या मुंजी व्हाव्यात, निदान त्यांना तरी लोकांनी जवळ करावे, म्हणून विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदाला निर्णय विचारला. निर्णय मिळाला तो देहान्ताचा. विठ्ठलपंतांनी तो मान्य केला. मुलांना मागे ठेवून पतिपत्नी निघून गेली आणि त्यांनी जलसमाधी घेतली. कोणी प्रयाग सांगतात, कोणी इंद्रायणी. कोठेही असो, झोपडीत आईची जागा रिकामी झाली. तेव्हा थोरले निवृत्ति दहाअकरा वर्षांच्या आसपास आणि मुक्ताबाई चारपाच वर्षांची चिमुरडी.

ज्या कारणासाठी आईबापांनी देह ठेवला ते तरी साधले का? तेही नाही. मुंज झाली नाहीच. मुले आपेगावी आप्तांकडे गेली, पण तेथेही कोणी आसरा दिला नाही. तेव्हापासून निवृत्तिनाथ हे बाप झाले आणि आईही झाले. भिक्षेला जायचे ते चौघे मिळून. मिळालेला कोरान्नाचा तुकडा वाटायचा तो चौघांत. या घरात वाटणी झाली ती एवढीच.

आता पैठणची हकिकत. आळंदीकरांनी सांगितले की पैठणच्या विद्वानांचे शुद्धिपत्र आणाल तर आम्ही विचार करू. यावर भावंडांत बोलणे झाले. श्रीनामदेवरायांनी आदि प्रकरणात ते मोठ्या बहारीने वर्णन केले आहे. निवृत्तिनाथांचे म्हणणे पडले की आपण आत्मस्वरूपी आहोत, आपल्याला ना जात ना कूळ, तेव्हा शुद्ध करून घ्यायचे कोणाला आणि कशासाठी? ज्ञानदेव म्हणाले की ते खरे, पण शास्त्राने आखलेली वाट आपण मोडली तर आपल्याकडे पाहून सामान्य माणूसही मोडील. विधी पाळलेला बरा. सोपानदेवांनी मत दिले की देवापाशी भक्ती मोजली जाते, जन्म मोजला जात नाही.

तिन्ही मते खरी आहेत आणि वरची पायरी निवृत्तिनाथांची आहे. ते वयाने मोठे आणि अधिकाराने गुरु. त्यांनी एकदा नाही म्हटले असते, तर पैठणची वाट कोणी धरली नसती. पण त्यांनी तसे केले नाही. धाकट्याच्या म्हणण्यात लोकांचे हित आहे हे पाहून त्यांनी आपले मत बाजूला ठेवले आणि तिघांना घेऊन ते पैठणला निघाले. गुरुपण म्हणजे आपलेच खरे करणे नव्हे, हे येथे शिकावे. आजकाल चार माणसांच्या भजनी मंडळातसुद्धा थोरपणावरून तंटे होतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

पैठणला काय झाले ते लहान मुलालाही ठाऊक आहे. ज्ञानदेव म्हणाले की सर्वांभूती आत्मा एक. कोणी तरी रेड्याकडे बोट दाखवून त्यांची थट्टा केली. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, आणि पुढे रेड्याच्या मुखातून वेद निघाले. ही लीला भाविकांनी शेकडो वर्षे हृदयाशी धरली आहे. आम्ही येथे एवढेच म्हणतो की भर सभेत लोक हसत असताना ते धाकटे तोंड एकटे नव्हते. मागे थोरला भाऊ उभा होता आणि दोन्ही बाजूंना दोन लहान जीव उभे होते. अखेर पैठणच्या विद्वानांनी शुद्धिपत्र दिले. परंपरा त्याचे साल शके 1209, म्हणजे इसवी सन 1287 सांगते. आज त्या पत्राचा म्हणून जो मजकूर दाखवला जातो, त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद पंडितांनी करावा. पत्र राहिले काय आणि हरवले काय, जिच्यापुढे ही पोरे उभी राहिली त्या सभेतल्या एकाही पंडिताचे नाव आज कोणी भूपाळीत घेत नाही. नाव घेतात ते या पोरांचेच.

पैठणहून परतताना ही मंडळी प्रवरातीरी नेवाशास आली. तेथे सच्चिदानंद बाबांना जीवदान मिळाले आणि तेच पुढे लेखक झाले. तेथल्या देवालयात खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर मराठी टीका सांगितली, सच्चिदानंदांनी ती उतरून घेतली, आणि शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पुरा झाला. तो पैसाचा खांब नेवाशास आजही आहे. वारकरी त्याला मिठी मारतात.

त्या सभेत निवृत्तिनाथ काय करीत होते? ऐकत होते. गुरु खाली बसला आहे आणि शिष्य सांगतो आहे, असे दृश्य फार विरळ. ग्रंथ करण्याची आज्ञा त्यांचीच. ज्ञानदेव मधूनमधून गुरुस्तुतीत रंगून जातात, तेव्हा ती स्तुती पुरे करून गीतेच्या अर्थाकडे वळण्याची सूचनाही त्यांचीच. आपली वाखाणणी चालली असता ती थांबवणारा माणूस तुम्ही किती पाहिलेत? आणि ग्रंथ पुरा झाल्यावरही ते तेवढ्यावर संतुष्ट राहिले नाहीत. गीतेच्या आधाराने सांगितलेस, आता स्वतःच्या अनुभवाचे सांग, अशी त्यांची आज्ञा झाली. तिचे फळ म्हणजे अनुभवामृत. पाखराच्या पिलाला पंख फुटले की आईच त्याला घरट्याच्या काठावर आणते. दुसऱ्याच्या आधारावर उडू नको, असेच ती सांगत असते. निवृत्तिनाथांचे स्वतःचे अभंग आहेत, हरिपाठ आहे. पण त्यांनी केलेला सर्वांत मोठा ग्रंथ कोणता, असे कोणी विचारले, तर आम्ही म्हणू की ज्ञानदेव.

भावंडे आळंदीस परतली तरी छळ संपला नव्हता. विसोबा चाटी नावाचे गृहस्थ त्यांचा फार द्वेष करीत. मांडे भाजण्यासाठी मुक्ताबाईंना खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ पुढे केली आणि बहिणीने त्या पाठीवर मांडे भाजले. ते पाहून विसोबा पालटले. हेच विसोबा पुढे खेचर म्हणून नामदेवरायांचे गुरु झाले. दुसऱ्या एका वेळी लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेवांचे मन विटले आणि ते आत ताटी लावून बसले. तेव्हा दाराशी जाऊन बसली ती सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिने भावाला संताचे लक्षण समजावले, जगाने आग व्हावे तरी संताने पाणी व्हावे असे सांगितले, आणि ताटी उघडवली. पहा, एकदा भाऊ बहिणीसाठी पाठ देतो, एकदा बहीण भावाला त्याच्याच रागापासून वाचवते. बाहेरच्या शत्रूपासून रक्षण करणे सोपे असते. आपल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या खिन्नतेपासून वाचवणे अवघड. ते ती पोर करू शकली, कारण थोरल्याने घरात तिला बोलायची मोकळीक ठेवली होती.

चांगदेवांच्या कथेतही हेच दिसते. चौदाशे वर्षांचे योगी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी आशीर्वाद लिहावा की नमस्कार हे न कळून कोरे पत्र पाठवले. मुक्ताबाई म्हणाल्या की एवढी वर्षे जगून हे कोरेच राहिले. निवृत्तिनाथांनी हसून सोडले नाही. त्यांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहिण्यास सांगितले, आणि पासष्ट ओव्यांत अद्वैताचे सार उतरले. पुढे चांगदेव शरण आले तेव्हा त्यांना उपदेश केला तो मुक्ताबाईंनी. थोरले पुन्हा मागेच राहिले.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, तेथे येऊ. नामदेवरायांबरोबर तीर्थयात्रा झाली आणि ज्ञानदेवांनी समाधीची इच्छा बोलून दाखवली. शके 1218, इसवी सन 1296, कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीला सिद्धेश्वरापाशी संत जमले. नामदेवरायांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ केली. वय अवघे एकवीस वर्षांचे. ज्ञानदेव उठले तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना आत नेऊन आसनावर बसवले ते निवृत्तिनाथांनी. आणि बाहेर येऊन समाधीच्या दारावर शिळा लावली तीही निवृत्तिनाथांनीच.

ब्रह्मगिरीवर जे बोट सुटले होते ते पुन्हा हाती आले होते. तो हात त्यांनी या वेळी आपण होऊन सोडला.

नामदेवराय तेथे प्रत्यक्ष होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की शिळा लावल्यावर निवृत्तिनाथांचा धीर सुटला. इतर संत त्यांना सावरीत होते. यावर काही चिकित्सक श्रोते आम्हाला विचारतात की हे कसे? गीतेत स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगितले आहे की त्याचे मन दुःखाने डगमगत नाही. मग ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिले तेच रडले? आम्ही पाठशाळेत शिकत असताना हा पूर्वपक्ष मोठ्या आवेशाने मांडला जाई आणि त्यावर प्रारब्धाचे, लोकसंग्रहाचे समाधान दिले जाई. ते खोटे नाही. पण आज इतकी वर्षे उभ्याने कीर्तन केल्यावर आम्हाला त्याचे साधे उत्तर दिसते. निवृत्तिनाथ अज्ञानाने रडले नाहीत. ज्ञान नसते तर त्यांनी तो हात सोडलाच नसता. नको जाऊ असे म्हटले असते, आज्ञा केली असती, आणि गुरूची आज्ञा ज्ञानदेवांनी मोडली नसती. एका शब्दाने त्यांना थांबवता आले असते. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, हे त्यांचे ज्ञान. आणि शिळा लावल्यावर डोळ्यांतून पाणी आले, हे त्यांचे थोरलेपण. दोन्ही एकाच देहात होते, आणि एकाने दुसऱ्याला लाज आणली नाही.

पुढचे सहा महिने थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवून सांगवत नाहीत. महिनाभरात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, कऱ्हेकाठी सासवडास सोपानदेवांनी समाधी घेतली. चांगदेव पुणतांब्यास गोदातीरी विसावले. निवृत्तिनाथ आणि मुक्ताबाई संतांसह उत्तरेकडे तापीतीरी मेहूणला आले. शके 1219, इसवी सन 1297, वैशाख मास. आकाश दाटून आले, वारा सुटला, वीज कडाडली, आणि त्या तेजात मुक्ताबाई अदृश्य झाल्या. निवृत्तिनाथांच्या डोळ्यांसमोर. जिला कडेवर वाढवली, तिचा हात धरायलाही अवधी मिळाला नाही.

घरातला थोरला आधी जातो आणि धाकटे मागून जातात, हा जगाचा क्रम. येथे तो उलटा झाला. आणि विचार केला तर हेच बरोबर वाटते. नावाडी सर्वांना पैलतीरी उतरवतो आणि मग स्वतः उतरतो. शके 1219 च्या ज्येष्ठ वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी, ज्या ब्रह्मगिरीने त्यांना एकदा हरवले आणि गुरु देऊन परत धाडले, त्याच डोंगराच्या पायथ्याशी निवृत्तिनाथ समाधिस्थ झाले. तेव्हा वय चोविसाच्या आसपास.

अशी ही चार भावंडे चार दिशांना निजली. एक त्र्यंबकला, एक आळंदीला, एक सासवडला, आणि बहीण तापीकाठी, पूर्वीच्या एदलाबादेजवळ. त्या गावाला आता मुक्ताईनगर असेच नाव आहे. कथा येथे संपली असती. पण वारकऱ्यांनी ती संपू दिली नाही. चारी ठिकाणांहून चार पालख्या निघतात. मुक्ताबाईंचा प्रवास फार लांबचा, म्हणून त्यांना ज्येष्ठात लवकर निघावे लागते. त्र्यंबकहून नाथांची पालखी नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा या बाजूने येते. माउली आळंदीहून निघून सासवडला मुक्कामास असतात, त्याच मुक्कामात ज्येष्ठ वद्य द्वादशीला सोपानदेवांचे प्रस्थान होते. पुढे पंढरपूरच्या अलीकडे टप्प्यावर या दोघांच्या पालख्या समोरासमोर येतात, श्रीफळ-प्रसादाची देवघेव होते, आणि हजारो माणसे पायातले वाळूखडे विसरून ती बंधुभेट पाहतात. नंतर आषाढ शुद्ध नवमीला वाखरीस सगळे एकत्र. दशमीला तेथून पंढरीत शिरताना माउली सर्वांत मागे चालतात. ही सवय कोठून आली असेल, ते आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

2020 साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. तरीसुद्धा पादुका एस. टी. गाड्यांतून वाखरीस आल्या. गर्दी नव्हती, दिंड्या नव्हत्या, टाळांचा कल्लोळ नव्हता. पण भावंडांची भेट चुकली नाही. सातशे वर्षांपूर्वी ज्यांना गावाने एक खापर दिले नाही, त्यांची भेट चुकू नये म्हणून अवघा महाराष्ट्र त्या वर्षी काळजीत होता.

जाता जाता दोन शब्द संसारी माणसासाठी. आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने खेडोपाडी हिंडतो. आईबाप असेपर्यंत ज्या घरी एक चूल असते, त्याच घरी त्यांच्या तेराव्यानंतर बांधावरून कज्जा सुरू झालेला पाहतो. एका विहिरीसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, आणि दोघेही गळ्यात माळ घालून एकाच दिंडीत चालतात. एक पुढे, एक मागे. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. या चौघांच्या बापाने मागे एक काकर जमीन ठेवली नव्हती, आणि ठेवला तो कलंक ठेवला. त्यांनी तोही वाटून घेतला. थोरल्याने मिळालेले सर्व धाकट्याला दिले, धाकट्याने ते जगाला दिले, आणि कोणाचेही कमी झाले नाही. थोरलेपण हक्काने मागायचे नसते. आधी द्यायचे, प्रसंगी ऐकून घ्यायचे, आणि शेवटी हात सोडायचाही धीर ठेवायचा, याचे नाव थोरलेपण.

पौष वद्य एकादशीला ज्यांना शक्य असेल त्यांनी त्र्यंबकला जावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी त्या दिवशी आपल्या थोरल्या भावाच्या घरी जावे, आणि थोरल्याने धाकट्याच्या घरी जावे. वाट पाहत बसू नये की आधी त्याने यावे. नाथांच्या यात्रेचे पुण्य तेवढ्याने पदरी पडेल, अशी आमची श्रद्धा आहे.

रामकृष्ण हरि.